अंधाराची एंट्री

हिवाळ्यात आम्ही या गावात चौऱ्याण्णव जण.
जूनमध्ये तळ्याकाठच्या लाकडी घरांची कुलपं निघतात,
हेलसिंकीच्या गाड्या येतात, सौनांची धुराडी जागी होतात,
आणि आम्ही सहाशे होतो.
त्यांतले दोनशे तरी नाटकाला येतात
पांघरूण, थर्मास आणि डासांचं मलम घेऊन.

नाट्यगृह म्हणजे जुनी लाकडाची वखार,
तिची एक भिंत काढलेली.
तिसरी घंटा गाईच्या गळ्यातली;
गाय जाऊनही नऊ वर्षं झाली.

मी प्रॉम्प्टर.
उजव्या विंगेत, गंजक्या करवतीखाली,
पालथ्या बादलीवर बसते.
एकोणतीस उन्हाळे प्रत्येक वाक्य
बोलणाऱ्याच्या अर्धा श्वास आधी बोलले आहे.
गावाला वाटतं, हिला सगळं पाठ.
मला काहीच पाठ नाही. वाचता येतं, इतकंच.

मोठ्या भूमिका ताउनोच्या.
एरवी तो तळ्यावरचा सरकारी तराफा चालवतो.
यंदाच्या नाटकात तो हरवलेली घोडी शोधतो,
दुसऱ्या अंकात, मध्यरात्री.
आमची अडचण तीच. जुलैत इथे
साडेदहालाही तळं पत्र्यासारखं चकाकत असतं.
नऊ वाजता ताउनो कंदील घेऊन येतो,
डोळे ताणतो, चाचपडतो,
समोरच्या खांबावर दोनदा आपटतो,
आणि त्याच्या कपाळावर लख्ख ऊन.
कंदिलात ज्योत आहे की नाही, कुणाला कळत नाही.
(नसते. रॉकेल महाग आहे.)
तरी पांघरुणं अंगाभोवती ओढली जातात.
एका मुलानं आईला विचारलं, त्याला दिसत का नाही?
रात्र आहे ना, आई म्हणाली.
उन्हाला आडवा हात धरून मुलगा म्हणाला,
हो, खरंच.

शेवटचा प्रयोग पावसानं दोनदा ढकलला,
ऑगस्टच्या अठ्ठाविसावर जाऊन पडला.
अर्धी घरं बंद झालेली. बाकांवर त्रेपन्न माणसं.
दमट हवेनं इल्पोच्या व्हायोलिनची तार उतरत होती,
ओर्वोक्की अकॉर्डियनचा सूर लांबवत
त्याला सावरून घेत राहिली.
टँगो संपेपर्यंत घंटेला उशीर झाला.

दुसरा अंक. मी पान उलटलं.
पान होतं. अक्षरं
आजूबाजूच्या काळोखात मिसळून गेली होती.

ताउनो आला. कंदील कुणीतरी भरला होता
(कुणी, ते अजून कबूल झालेलं नाही),
खरंच जळत होता.
उजेड त्याच्या गुडघ्यांपुरता, हनुवटीपुरता.
खांब त्याला लागला, या वेळी जोरात,
आणि तो थांबला.

त्याचे थांबे मी ओळखते.
एक नाटकातला. दुसऱ्यात
तो अंगठा तर्जनीवर घासतो.
घासत होता.
मी तोंड उघडलं
आणि त्यातून नुसती वाफ आली.
तळ्यावर एक पाणपक्षी ओरडला.
त्याचं वाक्य त्याला पाठ होतं.

मग ताउनो प्रेक्षकांकडे वळला,
कंदील उंच धरला,
जिथं चेहरे असायला हवे तिथं बघत,
तराफ्यावर बोलतो त्याच आवाजात म्हणाला,
"काय अंधारलंय हो."

आधी कुणीच नाही. मग मागच्या बाकावर एक हसू,
मग त्रेपन्न, मग मी, बादलीसकट.
दोन महिने आम्ही ज्याची बतावणी करत होतो
तो आपणहून आला होता, ऐन एंट्रीला.
हसणं ओसरलं तेव्हा कुणीतरी नाक शिंकरलं.
घोडी त्या रात्री सापडली का, सांगता येत नाही;
पुढची चार पानं आम्ही गाळली.

घरी येऊन दिव्याखाली वही उघडली,
त्या जागी पेन्सिलीनं ते वाक्य लिहिलं.
पुढच्या जूनमध्ये, डोळ्यांवर ऊन घेत,
मी ते अर्धा श्वास आधी कुजबुजेन,
आणि ताउनोला ते पाठ करावं लागेल.